हा वाघ, हे झाड, ही नदी : फ्रेंचमध्ये बोट दाखवायचं तर

कान्हाच्या जंगलात शिरायचा मुक्कीचा दरवाजा बालाघाट जिल्ह्यात आहे. तिथून आत जाणाऱ्या जिप्सीत कधी कधी फ्रान्सहून आलेले पाहुणे असतात. सोबतच्या गाइडचं निम्मं काम म्हणजे बोट दाखवणं. हा वाघ, हे सरईचं झाड, ही नदी, ही पाखरं. फ्रेंचच्या पहिल्या काही धड्यांत शिकणाऱ्यालाही नेमकं हेच लागतं. समोरच्या वस्तूचं नाव येत असतं, पण त्या नावाच्या आधी ‘हा’ म्हणायचं की ‘ही’ म्हणायचं, तिथे जीभ अडते.

फ्रेंच माणूस वाघाला म्हणतो ‘स तिग्र’. झाडाला म्हणतो ‘सेतार्ब्र’. नदीला ‘सेत रिव्येर’, आणि पाखरांना ‘सेझ्वाझो’. इथे एक कोडं आहे. ‘तिग्र’ म्हणजे वाघ आणि ‘आर्ब्र’ म्हणजे झाड. फ्रेंचमध्ये दोन्ही शब्द पुल्लिंगी. मग एकाला ‘स’ आणि दुसऱ्याला ‘सेत’ का? शिवाय झाडाचा ‘सेत’ आणि नदीचा ‘सेत’ कानाला अगदी सारखे, तरी कागदावर वेगळे. झाडाचा लिहायचा सी-ई-टी, नदीचा सी-ई-टी-टी-ई.

नामाच्या आधी येऊन त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या अशा शब्दाला व्याकरणात दर्शक विशेषण म्हणतात. फ्रेंचमध्ये लिहिण्यापुरती त्याची रूपं फक्त चार आहेत. मराठी माणसाला ती अवघड जाऊ नयेत, असं मला वाटतं. त्यांतलं बरंचसं त्याला घरातूनच मिळालेलं असतं.

घरची मराठी, शाळेची हिंदी

किरनापूर हे बालाघाट जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. बाघ नदीच्या पलीकडे महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा सुरू होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-भंडाऱ्याचा भाग मध्य प्रदेशातून बाहेर पडला आणि बालाघाट तिथेच राहिला. त्याआधी दोन्हीकडचा कारभार एकाच राज्यातून चालायचा. आज या पट्ट्यात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी पोवारी आणि शाळेत हिंदी असते. इथल्या पोराला एका वाक्यातून दुसऱ्या भाषेत जायची सवय लहानपणापासून असते.

दर्शक विशेषणांच्या बाबतीत मात्र त्याच्या दोन भाषा दोन दिशांना ओढतात. हिंदीत ‘यह लड़का’ आणि ‘यह लड़की’, ‘यह घर’ आणि ‘यह किताब’. लिंग कोणतंही असो, ‘यह’ हलत नाही. मराठीत तसं चालत नाही. हा मुलगा, ही मुलगी, हे पोर. बोट दाखवणारा शब्द नामाच्या लिंगाप्रमाणे बदललाच पाहिजे, आणि तो बदलताना आपण विचारही करत नाही.

फ्रेंचची रीत मराठीसारखी आहे. म्हणून फ्रेंच शिकताना इथल्या विद्यार्थ्याने शाळेतला ‘यह’ बाजूला ठेवावा आणि घरातले ‘हा-ही-हे’ पुढे घ्यावेत, असं मी आग्रहाने सांगेन. बहुतेक पुस्तकं आणि मोबाइलवरचे धडे हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकवतात. त्या दोन्ही भाषांमध्ये हा शब्द लिंगाप्रमाणे बदलत नसल्यामुळे ‘फ्रेंचमध्ये शब्द उगाच बदलतो’ असं शिकणाऱ्याच्या मनात बसतं. मराठी बोलणाऱ्याला तो बदल नवा नाही.

दोनच लिंगं, आणि तीही आपली नव्हेत

सवय घरची असली तरी नामांचं लिंग घरचं वापरून चालत नाही. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. लॅटिनमध्ये तीन लिंगं होती. लॅटिनमधून फ्रेंच घडताना नपुंसकलिंगी शब्द बहुतेक पुल्लिंगात मिसळले. आपल्याकडे संस्कृतच्या तीन लिंगांचं काही भाषांत असंच झालं. हिंदीत दोन उरली, मराठी-गुजराती-कोकणीने तिन्ही जपली. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी भाषा कशी घडली यावर मोठा ग्रंथ लिहिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ मध्ये आला. ज्याच्या मातृभाषेतून नपुंसकलिंग गेलेलं, अशा माणसाने ते टिकवणाऱ्या भाषेचा इतिहास लिहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता आपल्या ‘हे’वाल्या शब्दांचं काय होतं ते पाहू. हे झाड फ्रेंचमध्ये पुल्लिंगी, पण हे घर (‘मेझों’) स्त्रीलिंगी. हे पाखरू (‘वाझो’) पुल्लिंगी, हे जंगल (‘फोरे’) स्त्रीलिंगी. हे पुस्तक (‘लीव्र’) पुल्लिंगी, हे टेबल (‘ताब्ल’) स्त्रीलिंगी. ‘हे’ म्हटलं की फ्रेंचमध्ये अमुकच येणार, असा नियम निघत नाही. ‘हा’ आणि ‘ही’ यांचीही खात्री नाही. सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी, पण चंद्र आपल्याकडे ‘हा’ आणि फ्रेंचमध्ये ‘सेत ल्यून’, म्हणजे ‘ही’.

नद्यांची गोष्ट अधिक मजेची आहे. मराठीत बाघ, वैनगंगा, गोदावरी सगळ्यांना ‘ही नदी’. फ्रेंचमध्ये मोठ्या नदीत जाऊन मिळणारी नदी म्हणजे ‘रिव्येर’, तो शब्द स्त्रीलिंगी. थेट समुद्राला मिळणारी नदी म्हणजे ‘फ्लव’, तो पुल्लिंगी. वैनगंगा वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. म्हणून वैनगंगेच्या काठावर उभं राहून ‘सेत रिव्येर’ म्हणायचं. गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, तिच्या काठावर ‘स फ्लव’. बोट दाखवणारा शब्द बरोबर निवडायचा तर इथे आधी भूगोल माहीत हवा.

शब्दाच्या शेवटावरून थोडी मदत होते. ‘-आज’ने संपणारे बहुतेक शब्द पुल्लिंगी, जसं ‘विलाज’ म्हणजे गाव (पण ‘पाज’ म्हणजे पान आणि ‘प्लाज’ म्हणजे समुद्रकिनारा हे स्त्रीलिंगी). ‘-स्यों’ने संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी, जसं ‘नास्यों’ म्हणजे राष्ट्र. खरा उपाय एकच. प्रत्येक नाम ‘एक’ या अर्थाच्या शब्दासकट पाठ करायचं. पुल्लिंगी असेल तर ‘अँ’, स्त्रीलिंगी असेल तर ‘युन’. नुसतं ‘आर्ब्र’ पाठ करू नये, ‘अँनार्ब्र’ करावं. पुस्तकांत बऱ्याचदा नामाआधी ‘ल’ किंवा ‘ला’ हे निश्चित उपपद देतात. पण नाम स्वराने सुरू झालं की त्या दोघांचा नुसता ‘ल्’ होतो आणि लिंग झाकलं जातं. ‘अँ-युन’मध्ये ते लिहिताना कधीच झाकलं जात नाही.

मधला ‘त’ कुठून आला

आता मूळ कोडं. वाघाला ‘स’, झाडाला ‘सेत’, दोघेही पुल्लिंगी. फरक लिंगाचा नाही, पुढच्या आवाजाचा आहे. ‘तिग्र’ व्यंजनाने सुरू होतो, ‘आर्ब्र’ स्वराने.

‘स’चा उच्चार ओठ किंचित गोल करून, शेवटी हलका स्वर ठेवून होतो. त्याच्यापुढे लगेच ‘आ’ आला तर दोन स्वर एकमेकांवर आपटतात आणि बोलण्याची लय तुटते. धानाच्या दोन बांध्यांमधून पाणी वाहत असेल तर आपण त्यावर फळी टाकतो आणि न थांबता पलीकडे जातो. कोरड्या जागी फळी लागत नाही. ‘सेत’मधला ‘त’ ही ती फळी. म्हणून ‘सेतार्ब्र’ (हे झाड), ‘सेत्वाझो’ (हे पाखरू), ‘सेतेलेफाँ’ (हा हत्ती). आणि व्यंजनापुढे ‘स तिग्र’, ‘स विलाज’, ‘स लीव्र’.

इतिहास मात्र उलटा आहे. ‘त’ नव्याने घातलेला नाही, तो आधीपासून तिथे होता. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द ‘सेस्त’सारखा होता. पुढे व्यंजन आलं की त्याचा शेवट हळूहळू गळत गेला आणि ‘स’ उरला. स्वरापुढे ‘त’ उपयोगाचा होता, म्हणून टिकला. स्त्रीलिंगी रूपाच्या शेवटी आणखी एक स्वर असल्याने तिथे ‘त’ला धक्का लागला नाही. म्हणूनच स्त्रीलिंगात पुढे काहीही येवो, ‘सेत’ बदलत नाही.

लक्षात ठेवायचं ते असं, की पाहायचं ते लगेच पुढच्या शब्दाकडे. तो शब्द नामच असेल असं नाही. ‘हे झाड’ म्हणजे ‘सेतार्ब्र’, पण ‘हे मोठं झाड’ म्हटलं की मध्ये ‘ग्राँ’ येतो आणि ‘स’ परत येतो : ‘स ग्राँ तार्ब्र’. उलट ‘हा वाघ’ म्हणजे ‘स तिग्र’, पण ‘हा प्रचंड वाघ’ म्हणजे ‘सेतेनॉर्म तिग्र’. नवशिक्यांची सर्वाधिक गफलत इथे होते. नामाची जोडी पाठ असते, पण मध्ये विशेषण घुसलं की हिशोब नव्याने करावा लागतो.

न ऐकू येणारा ‘एच’

फ्रेंचमध्ये एच हे अक्षर लिहितात, बोलत कधीच नाहीत. म्हणून ‘ऑम’ (माणूस) कागदावर एचने सुरू होत असला तरी बोलताना स्वरानेच सुरू होतो, आणि ‘हा माणूस’ म्हणजे ‘सेतॉम’. अशा एचला मुका एच म्हणू.

पण काही शब्दांतला एच पहारा देतो. तो स्वतः ऐकू येत नाही, पण मागच्या शब्दाला जवळ येऊ देत नाही. धानाच्या बांधीत उभा असणारा राखी बगळा म्हणजे ‘एरों’. लिहिताना सुरुवातीला एच आहे, उच्चार ‘ए’ने सुरू होतो, तरी ‘सेतेरों’ म्हणायचं नाही. ‘स एरों’ म्हणायचं, मध्ये किंचित थांबून. शिंगांसारखी पिसं असलेलं घुबड म्हणजे ‘इबू’. तिथेही ‘स इबू’. यामागे कारण आहे. ‘एरों’सारखे बरेच शब्द फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून फ्रेंचमध्ये आले, आणि त्यांतला ‘ह’ कित्येक शतकं खरोखर उच्चारला जात होता. पुढे तो आवाज गेला, पण त्याने मागच्या शब्दाला लावलेली अडवणूक तशीच राहिली. लॅटिनमधून आलेल्या ‘ऑम’सारख्या शब्दांत हा ‘ह’ फ्रेंचच्या जन्माआधीच नाहीसा झाला होता, म्हणून तिथे अडवणूक नाही.

कोणता एच कुठल्या जातीचा, हे पाहून कळत नाही. बरेच शब्दकोश पहारा देणाऱ्या एचच्या शब्दाला तारा किंवा दुसरी खूण लावतात. आपली वही करताना तीच खूण उतरवून घ्यावी.

चौकट : चार रूपं
स (सी-ई) : पुल्लिंगी एकवचन, पुढचा शब्द व्यंजनाने किंवा पहारेकरी एचने सुरू होत असेल तर. स तिग्र, स एरों.
सेत (सी-ई-टी) : पुल्लिंगी एकवचन, पुढे स्वर किंवा मुका एच असेल तर. सेतार्ब्र, सेतॉम.
सेत (सी-ई-टी-टी-ई) : स्त्रीलिंगी एकवचन, पुढे काहीही असो. सेत फोरे, सेत रिव्येर.
से (सी-ई-एस) : अनेकवचन, दोन्ही लिंगांना. से तिग्र, सेझार्ब्र.

‘ह्या’ने केलेली फसवणूक

मराठी बोलणाऱ्याला मराठीच एका जागी चकवते, आणि त्याबद्दल पुस्तकं बोलत नाहीत. नामाला विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की आपले हा, ही, हे तिन्ही एकाच रूपात जातात. ह्या वाघाला, ह्या नदीत, ह्या झाडावर, ह्या घरात. म्हणजे आपण रोज बोलतो त्या बऱ्याच वाक्यांत ह्या शब्दावरून लिंग दिसतच नाही. मनात ‘ह्या घरात’ असं वाक्य असताना फ्रेंच जुळवायला गेलं की लिंगाची आठवणच होत नाही, आणि तोंडून ‘दाँ स मेझों’ निघतं. बरोबर आहे ‘दाँ सेत मेझों’.

फ्रेंचमध्ये ‘आत’, ‘वर’, ‘सोबत’ हे शब्द नामाआधी येतात आणि दर्शक विशेषणाला हात लावत नाहीत. स विलाज, दाँ स विलाज. सेत फोरे, दाँ सेत फोरे. तेव्हा ‘ह्या’ने सुरू होणारं वाक्य मनात आलं की आधी नाम मोकळं करावं. ‘ह्या जंगलात’मधून ‘जंगल’ बाहेर काढावं, त्याचं फ्रेंच नाव आणि लिंग आठवावं, मग वाक्य बांधावं.

अनेक असतील तर, आणि मॉरिशसची साक्ष

अनेकवचनात मराठी लिंग सांभाळते : हे वाघ, ह्या नद्या, ही झाडं. फ्रेंच सोडून देते. सगळ्यांना ‘से’. हा भाग शिकणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. फक्त पुढे स्वर आला की लिहिलेला पण एरवी न बोललेला एस जागा होतो आणि ‘झ’ ऐकू येतो : सेझार्ब्र, सेझ्वाझो, सेझेलेफाँ. पहारेकरी एच इथेही अडवतो, म्हणून बगळे ‘से एरों’च राहतात.

हा ‘झ’ किती घट्ट चिकटतो ते पाहायचं तर मॉरिशसकडे पाहावं. १८३४ नंतरच्या दशकांत कोकणातली कुटुंबं करारबद्ध मजूर म्हणून त्या बेटावर गेली, आणि त्यांचे वंशज आज घरात मुख्यतः क्रिओल बोलतात. ही क्रिओल भाषा फ्रेंचमधून घडली. त्यांच्यात मराठी शिकण्याची ओढ टिकून आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. फ्रेंचमध्ये ‘हे मूल’ म्हणजे ‘सेताँफाँ’ आणि ‘ही मुलं’ म्हणजे ‘सेझाँफाँ’. मूळ शब्द ‘आँफाँ’. फ्रेंच बोलणाऱ्यांच्या तोंडून हा शब्द वारंवार ‘झ’सकट ऐकून क्रिओलमध्ये शब्दच ‘झांफां’ झाला. एक मूलही ‘झांफां’च. ‘हे मूल’ म्हणायला तिथे म्हणतात ‘सा झांफां ला’, नाम दोन शब्दांच्या मध्ये. ‘ही मुलं’ म्हणायची तर ‘सा बान झांफां ला’. क्रिओलमध्ये लिंगही नाही, त्यामुळे ‘सा’ कशापुढेच बदलत नाही. रत्नागिरीकडून गेलेल्या माणसाच्या पणतवाला हा-ही-हे आणि स-सेत दोन्ही पुस्तकातून शिकावे लागतात. किरनापूरच्या मुलाला त्यांतलं निदान एक घरात ऐकायला मिळतं, ही लहान गोष्ट नाही.

जवळचं आणि दूरचं

आतापर्यंत मी ‘हा’च म्हणत आलो, ‘तो’ म्हटलंच नाही. कारण फ्रेंचमध्ये ‘स तिग्र’ म्हणजे ‘हा वाघ’ आणि ‘तो वाघ’ दोन्ही. जवळ की दूर, हे ऐकणारा प्रसंगावरून समजून घेतो.

फरक सांगायचाच असेल तर नामाच्या मागे एक शेपूट जोडतात. जवळच्याला ‘सी’, दूरच्याला ‘ला’. ‘सी’ हा ‘इसी’ म्हणजे ‘इथे’ या शब्दाचा तुकडा, आणि ‘ला’ म्हणजे ‘तिथे’. धान्याच्या दुकानात दोन पोती उघडी आहेत असं समजा. एकात बालाघाटचा चिन्नोर, ज्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि दुसऱ्यात साधा तांदूळ. तांदूळ म्हणजे ‘री’, पुल्लिंगी. हाताशी असलेला तो ‘स री-सी’, पलीकडचा ‘स री-ला’. लिहिताना मध्ये जोडरेघ हवी.

एकेकाळी फ्रेंचमध्येही आपल्यासारखे दोन शब्द होते. लॅटिनमध्ये ‘एक्के’ म्हणजे ‘बघ’. ‘एक्के इस्ते’, म्हणजे ‘बघ, हा’, यातून जुन्या फ्रेंचमधला जवळचा ‘सिस्त’ आला. ‘एक्के इल्ले’, म्हणजे ‘बघ, तो’, यातून दूरचा ‘सिल’. पुढे दोघांच्या कामाची सरमिसळ झाली. पहिल्याचं कुटुंब नामाआधी येणारं विशेषण म्हणून राहिलं, दुसऱ्याचं एकट्याने येणारं सर्वनाम झालं, आणि जवळ-दूर सांगायला शेपटं आली.

मराठी माणसाला प्रत्येक ‘तो’साठी ‘ला’ लावायचा मोह होतो. तो टाळावा. दोन गोष्टींत निवड करायची असेल तेव्हाच शेपूट जोडावं. रोजच्या बोलण्यात तर फ्रेंच लोक जवळच्या वस्तूलाही सर्रास ‘ला’ लावतात. वेळेबद्दल बोलताना मात्र काही जोड्या ठरलेल्या आहेत, त्या तशाच उचलाव्यात. ‘स झूर-ला’ म्हणजे ‘त्या दिवशी’, ‘से झूर-सी’ म्हणजे ‘हल्ली’, ‘स स्वार’ म्हणजे ‘आज संध्याकाळी’. ‘सेत न्वी’ म्हणजे ‘ही रात्र’, पण ती सरलेली रात्रही असू शकते आणि येणारीही. ते क्रियापदाच्या काळावरून ठरतं.

‘हे झाड आहे’ आणि ‘हे झाड मोठं आहे’

शेवटची अडचण मराठी-हिंदीवाल्यांची. आपला ‘हे’ दोन कामं करतो. ‘हे झाड मोठं आहे’ यात तो झाडाला चिकटलेलं विशेषण आहे. ‘हे झाड आहे’ यात तो स्वतंत्र उभा आहे, आणि वाक्य ‘हे काय आहे?’ याचं उत्तर देतं. फ्रेंचमध्ये ही दोन वेगळी वाक्यं. पहिलं ‘सेतार्ब्र ए ग्राँ’. दुसरं ‘सेतँनार्ब्र’, म्हणजे ‘से’ (हे आहे) अधिक ‘अँ’ (एक) अधिक ‘आर्ब्र’. कानाला दोन्हींची सुरुवात जवळजवळ सारखी लागते, त्यामुळे ऐकून लिहिताना गोंधळ ठरलेला.

ओळखायची सोपी खूण आहे. मराठी वाक्यात ‘हे’नंतर ‘एक’ घालून पाहावं. ‘हे एक झाड आहे’, अर्थ तोच राहिला, म्हणजे ‘सेतँ’. ‘हे एक झाड मोठं आहे’, अर्थ सरकला. म्हणजे इथे दर्शक विशेषण हवं, आणि वरच्या चौकटीतल्या चारांपैकी एक निवडायचं. मुक्कीच्या गाइडला दोन्ही लागतात. पाहुण्याने ‘हे काय?’ विचारलं तर ‘सेतँ तिग्र’. वाघ म्हातारा आहे हे सांगायचं असेल तर ‘स तिग्र ए व्यो’.